कोन आणि उजेड



खगोलशास्त्रावर व्याख्यान म्हटले की कृष्णविवरे, परग्रहांवरचे सजीव, विश्वाचा आरंभ असे विषय लोकांना हवे असतात. ते मलाही आवडतात. पण ही व्याख्यानमाला एका शाळाशिक्षकाच्या स्मरणार्थ चालते. ज्यांनी आयुष्यभर पाचवी ते दहावीच्या वर्गांना विज्ञान शिकवले, त्यांच्या नावाने बोलायचे तर पहिल्या धड्यांवरच बोलावे असे मला वाटले. हे धडे आपण सगळ्यांनी शाळेत शिकलेले आहेत. आज ते पुन्हा उघडून बघू.

आकाशातल्या वस्तूला हात लावता येत नाही. ती तोलता येत नाही, कापून आत बघता येत नाही. तिच्याबद्दल आपल्या हाती दोनच गोष्टी येतात. ती कुठल्या दिशेला दिसते, म्हणजे कोन. आणि तिच्याकडून कसला उजेड येतो. याला अपवाद आहेत. अपोलोच्या अंतराळवीरांनी चंद्रावरून ३८२ किलो दगडमाती आणली, अशनी आपण होऊन जमिनीवर पडतात, आणि २०१५ साली गुरुत्वीय लहरी प्रथमच टिपल्या गेल्या. त्या लहरींची भारतातली वेधशाळा आपल्याच हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ व्हायची आहे. तरीही सूर्य किती मोठा, तारा किती दूर, तो कशाचा बनला आहे, विश्व किती पसरले आहे या बाबतीत आपल्याला जे ठाऊक आहे त्यातले बहुतेक सारे कोन आणि उजेड यांतूनच काढलेले आहे. प्रत्येक विधान मागे नेत गेलो की कुठे तरी एक मोजलेला कोन किंवा तपासलेला किरण सापडतो. तो सापडेपर्यंत मागे जाण्याची सवय म्हणजेच खगोलशास्त्राचे शिक्षण, असे माझे ठाम मत आहे.

आपल्या मुलांना ग्रहांची नावे क्रमाने येतात. प्लूटोला २००६ साली ग्रहांच्या यादीतून वगळले हेही येते. पण चंद्राच्या कला का होतात, असे विचारले तर चांगली शिकलेली मोठी माणसेही सांगतात, पृथ्वीची सावली पडते म्हणून. हे उत्तर चूक आहे. आणि ते खोडायला पुस्तक लागत नाही, गच्ची पुरते. शुद्ध तृतीयेच्या संध्याकाळी पश्चिमेला चंद्रकोर दिसते तेव्हा सूर्य तिच्या खालीच नुकता मावळलेला असतो. पृथ्वीची सावली सूर्याच्या बरोबर उलट दिशेला पडते, म्हणजे त्या वेळी आपल्या पाठीमागे, पूर्वेकडे. पश्चिमेच्या चंद्रावर ती पडणार कशी? चंद्राचा अर्धा भाग सूर्याने सदैव उजळलेला असतो. त्या उजळलेल्या अर्ध्यातला किती भाग आपल्याकडे वळलेला आहे तेवढी कला आपल्याला दिसते. सावलीचा प्रश्न येतो तो पौर्णिमेला, आणि तोही दर पौर्णिमेला नाही, कारण चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे ५ अंशांनी कललेली आहे. बहुतेक पौर्णिमांना चंद्र सावलीच्या वरून किंवा खालून निघून जातो. सापडला तर ग्रहण.

आता आपल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे या. तिच्यातली तिथी म्हणजे शुद्ध कोन आहे. पृथ्वीवरून पाहताना सूर्य आणि चंद्र यांच्यात जो कोन असतो तो अमावास्येला शून्य असतो. तो १२ अंश झाला की प्रतिपदा संपली, २४ झाला की द्वितीया संपली. १८० अंशांना पौर्णिमा पूर्ण होते, कारण चंद्र सूर्याच्या समोरासमोर येतो. ३६० अंशांचे ३० भाग, म्हणून ३० तिथी. चंद्र ताऱ्यांमधून रोज सुमारे १३ अंश पूर्वेकडे सरकतो, सूर्य सुमारे १ अंश. चंद्राची आघाडी रोज साधारण १२ अंशांची, म्हणून तिथी साधारण एका दिवसाची. साधारण म्हणतो, कारण चंद्राची कक्षा लंबवर्तुळाकार आहे. पृथ्वीजवळ असताना तो वेगाने जातो, लांब असताना सावकाश. त्यामुळे एखादी तिथी २० तासांत आटोपते, तर एखादी २६ तासांहूनही लांबते. सूर्योदयाला जी तिथी चालू असेल ती त्या दिवसाची, असा पंचांगाचा नियम आहे. म्हणून कधी एखादी तिथी दोन सूर्योदयांच्या मध्येच सुरू होऊन संपते आणि तिचा क्षय होतो. कधी तीच तिथी दोन सूर्योदय पाहते आणि तिची वृद्धी होते. क्षय आणि वृद्धी हे चंद्राच्या कमीजास्त वेगाचे हिशेब आहेत. त्यात शुभाशुभ काही नाही.

संकष्टीचे उदाहरण मला फार प्रिय आहे, कारण महाराष्ट्रात लाखो घरांत त्या रात्री चंद्रोदयाची वाट पाहिली जाते. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो. त्यानंतर तो रोज सरासरी ५० मिनिटे उशिरा येतो. वद्य चतुर्थीपर्यंत ही चाल साचत जाते आणि चंद्रोदय रात्री साडेआठ ते दहाच्या दरम्यान येतो. दिनदर्शिकेत गावोगावच्या वेळा वेगळ्या छापतात त्याचे कारणही कोनच. मुंबई आणि नागपूर यांच्या रेखांशांत ६ अंशांहून थोडे अधिक अंतर आहे. पृथ्वीला १ अंश फिरायला ४ मिनिटे लागतात. त्यामुळे नागपूरकरांना चंद्र वीस-पंचवीस मिनिटे आधी दिसतो. उपास सोडण्यासाठी थांबलेल्या मुलाला हा हिशेब त्याच वेळी, गच्चीवर, चंद्राकडे बोट दाखवून सांगता येतो. तसाच गोकुळाष्टमीचा. वद्य अष्टमी म्हणजे पौर्णिमा सरून सूर्य आणि चंद्र यांच्यात ९० अंशांचा कोन उरलेला. असा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो. कृष्णजन्माच्या कीर्तनातून बाहेर येऊन पूर्वेला पाहिले आणि श्रावणातले ढग बाजूला झाले, तर क्षितिजावर अर्धा चंद्र दिसतो.

म्हणून मला खेद वाटतो तो याचा, की ज्या समाजाच्या घराघरात तिथीचे कोष्टक टांगलेले आहे, त्या समाजात चंद्राच्या कलांचा धडा पुस्तकातल्या आकृतीवरून पाठ करवून घेतला जातो. आकृतीत सूर्य, पृथ्वी, चंद्र बाहेरून दिसतात. आपण मात्र आत, पृथ्वीवर उभे असतो. बाहेरचे चित्र आणि आपल्या डोळ्यांना दिसणारे आकाश यांची सांगड घालणे हेच या विषयातले सगळ्यात अवघड काम आहे, आणि ते वर्गात फारसे होत नाही.

सूर्याकडे वळू. तारे रोज सुमारे ४ मिनिटे आधी उगवतात. पृथ्वी स्वतःभोवती एक पूर्ण फेरी २३ तास ५६ मिनिटांत करते. तेवढ्या वेळात ती सूर्याभोवतीही थोडी पुढे सरकलेली असते, म्हणून सूर्य पुन्हा त्याच जागी यायला आणखी ४ मिनिटे लागतात. चार मिनिटे ही किरकोळ वाटतात, पण महिन्याला ती २ तास होतात आणि सहा महिन्यांत आकाश पार उलटे होते. डिसेंबरात संध्याकाळी पूर्वेला वर येणारे मृग नक्षत्र एप्रिलअखेर पश्चिमेला झुकते आणि जूनमध्ये दिसेनासे होते. आणि नेमके तेव्हा, ७ किंवा ८ जूनला, आपला शेतकरी म्हणतो, मृग लागला. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य अशी पावसाची जी नक्षत्रे आपण मोजतो ती सूर्याची नक्षत्रे आहेत. सूर्य ज्या ताऱ्यांसमोर असतो ते तारे त्याच्या उजेडात बुडून जातात. म्हणजे मृग लागला असे म्हणणाऱ्याला त्या दिवसांत मृग दिसत नसतो. तरीही सूर्य मृगात आहे हे कळते, कारण पहाटे कोणते तारे सूर्याच्या आधी उगवतात आणि संध्याकाळी कोणते त्याच्या मागोमाग मावळतात हे कोणीतरी वर्षानुवर्षे पाहून ठेवले आहे. दिसत नाही ते दिसणाऱ्यावरून नेमके सांगणे, एवढा मोठा विचार आपल्या बोलीत रुजलेला आहे.

ऋतूंबद्दलही एक गैरसमज घट्ट बसला आहे. उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ येते, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर, जेव्हा नाशिक-निफाडकडे द्राक्षबागांना थंडीपासून जपावे लागते. सर्वांत लांब असते ती जुलैच्या आरंभी, सुमारे १५ कोटी २१ लाख किलोमीटरवर. ऋतू होतात ते पृथ्वीचा अक्ष साडेतेवीस अंशांनी कललेला आहे म्हणून. त्या कलामुळे दुपारच्या सूर्याची उंची आणि दिवसाची लांबी वर्षभर बदलत राहते.

हे आपल्याकडे फार छान पाहता येते, कारण महाराष्ट्र आणि गोवा कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहेत. दुपारी बाराला सूर्य डोक्यावर असतो असे आपण सहज म्हणतो. खरोखर डोक्यावर तो वर्षातून दोनच दिवस येतो. कोल्हापुरात ६ मेच्या आसपास, पुण्यात १३-१४ मेला, मुंबईत १५-१६ मेला, नागपुरात २६ मेच्या सुमारास. दुसरी वेळ जुलै-ऑगस्टात येते, पण ती बहुधा ढगांत हरवते. त्या दिवशी मध्यान्ही सरळ उभ्या काठीची सावली नाहीशी होते. मध्यान्ह म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत. आपले घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावर लावलेले आहे, म्हणून मुंबईत मेच्या मध्याला सूर्य मध्यान्हीला येतो तो १२ वाजून ३५ मिनिटांच्या सुमारास. आणि २१ जूनला, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी, मुंबई-पुण्याचा सूर्य दुपारी डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो आणि आपली सावली दक्षिणेकडे पडते. शाळेत दक्षिणेचा सूर्य, उत्तरेची सावली असे शिकलेल्या मुलाला ही सावली एकदा दाखवा. पावसाने तेवढी उघडीप दिली पाहिजे, इतकेच.

अक्षाच्या कलाबरोबर त्याची एक अतिशय मंद गतीही सांगितली पाहिजे. हा अक्ष सुमारे २६ हजार वर्षांत आकाशात एक वर्तुळ पुरे करतो. आज तो ध्रुवताऱ्याजवळ रोखलेला आहे. इजिप्तमध्ये पिरॅमिड उभे राहत होते त्या युगात तो ठुबान या दुसऱ्याच ताऱ्याजवळ होता, आणि अजून सुमारे बारा हजार वर्षांनी तेजस्वी अभिजित उत्तर ध्रुवाच्या परिसरात असेल. ध्रुव अढळ आहे तो माणसाच्या आयुष्याच्या मापाने. आणि तो सगळ्यात तेजस्वी तारा आहे ही समजूतही सोडावी. त्याच्याहून ठळक असे चाळीसहून अधिक तारे आकाशात आहेत. गावाचा जेवढा अक्षांश तेवढीच त्याची क्षितिजापासूनची उंची. पुण्यात साडेअठरा अंश, पणजीत साडेपंधरा. इतक्या खाली असल्यामुळे शहरात तो बहुधा इमारतींच्या मागेच राहतो.

याच गतीमुळे संपातबिंदू, म्हणजे आकाशात सूर्य विषुववृत्त ओलांडतो त्या जागा, वर्षाला सुमारे ५० विकला, म्हणजे ७२ वर्षांत १ अंश, मागे सरकतात. त्याचा पुरावा आपण दर जानेवारीत तिळगूळ वाटताना हाती धरतो. उत्तरायण, म्हणजे सूर्याचे उत्तरेकडे वळणे, होते २१ किंवा २२ डिसेंबरला. मकरसंक्रांत येते १४ किंवा १५ जानेवारीला. सुमारे १७ शतकांपूर्वी या दोन घटना एकाच दिवशी होत. आपले पंचांग राशी ताऱ्यांशी बांधते आणि ऋतू बांधलेले असतात संपातांशी, त्यामुळे दोघांत आता सुमारे २४ दिवसांचे अंतर पडले आहे आणि ते वाढत जाणार आहे. मृग नक्षत्राचेही तेच. ताऱ्यांशी बांधलेली तारीख ऋतूच्या मानाने हळूहळू पुढे जात राहील, पाऊस मात्र ऋतूप्रमाणे येईल.

या प्रश्नावर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठीत मोठा वाद झाला. संपाताशी बांधलेले सायन पंचांग धरावे की ताऱ्यांशी बांधलेले निरयन, यावर विद्वान माणसे हिरिरीने लिहीत होती. त्यांतले शंकर बाळकृष्ण दीक्षित हे माझ्या आदराचे स्थान आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुरूडला १८५३ साली जन्मलेले हे शिक्षक. त्यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ १८९६ साली निघाला, आणि भारतीय खगोलाच्या इतिहासावर काम करणाऱ्याला आजही तो उघडावा लागतो. इतका मोठा शास्त्रीय ग्रंथ त्यांनी मराठीत लिहिला याचा आपल्याला अभिमान असायला हवा, आणि तो अभिमान वाचून सिद्ध व्हायला हवा. पुढे १९५२ साली शास्त्रज्ञ मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली दिनदर्शिका सुधारणा समिती नेमली गेली आणि २२ मार्च १९५७ रोजी संपाताशी बांधलेली राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. सरकारी कागदावर ती आहे. लोकांच्या घरात ती पोचली नाही, हे मान्य केले पाहिजे.

आता कोन बारीक होत जातो. पृथ्वी सूर्याभोवती फिरत असेल तर सहा महिन्यांच्या अंतराने जवळचा तारा मागच्या दूरच्या ताऱ्यांच्या तुलनेत किंचित सरकलेला दिसला पाहिजे. याला पराशय म्हणतात. शतकानुशतके तो कोणाला दिसला नाही, आणि पृथ्वी फिरत नाही असे मानणाऱ्यांचा हा सर्वांत सबळ मुद्दा होता. त्यांना मूर्ख समजू नये. तर्क त्यांचा बरोबर होता, तारे मात्र त्यांच्या कल्पनेपेक्षा फार फार दूर होते. १८३८ साली फ्रीडरिश बेसेल यांनी हंस तारकासमूहातल्या ६१ क्रमांकाच्या ताऱ्याचा पराशय मोजला. तो भरला एका अंशाच्या ३६०० भागांपैकी एका भागाच्याही तिसऱ्या हिश्शाच्या जवळपास. दोन सेंटिमीटरचे नाणे चौदा किलोमीटरवरून जेवढे दिसेल तेवढा तो कोन. त्यावरून अंतर निघाले सुमारे ११ प्रकाशवर्षे. ताऱ्याचे अंतर माणसाने खात्रीने मोजले ते तेव्हा.

कोनाची गोष्ट इथे थांबवतो आणि उजेडाकडे येतो.

१८३५ साली फ्रेंच तत्त्वज्ञ ऑग्युस्त काँत यांनी असे मांडले की ताऱ्यांची अंतरे आणि गती आपल्याला कळू शकतील, पण त्यांची रासायनिक घडण कधीच कळणार नाही. त्या वेळी हे म्हणणे अगदी वाजवी होते. पण उत्तराचे साहित्य तयार झालेले होते. योझेफ फ्राउनहोफर यांनी १८१४ च्या सुमारास सूर्याचा उजेड लोलकातून नेला, तेव्हा लाल ते जांभळ्या पट्ट्यात त्यांना शेकडो काळ्या रेषा दिसल्या. त्या कशाच्या, हे १८५९ मध्ये किरखॉफ आणि बुन्सेन यांनी उलगडले. प्रत्येक मूलद्रव्य तापले की ठरावीक रंगांच्या रेषांत उजेड देते, आणि मागून प्रखर प्रकाश येत असेल तर नेमक्या त्याच रंगांचा उजेड शोषून घेते. सोडियमच्या रेषा सोडियमच्याच. मग ते सोडियम प्रयोगशाळेतल्या ज्योतीत असो की सूर्यावर. काँत यांनी अशक्य ठरवलेली गोष्ट पंचवीस वर्षांत शक्य झाली.

या कथेचा पुढचा भाग आपल्या भूमीवर घडतो. १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास सूर्यग्रहण कोकण किनाऱ्यावरून आत शिरून दख्खन ओलांडत गुंटूर, मछलीपट्टणमकडे गेले. भर पावसाळा. तरी दूरदूरचे निरीक्षक आले. विल्यम हर्शेल यांचे नातू लेफ्टनंट जॉन हर्शेल पटवर्धनांच्या जमखंडीत उपकरणे लावून होते आणि ढगांशी झगडत होते. फ्रेंच ज्योतिर्विद झान्सन गुंटूरला होते. वर्णपटदर्शकातून त्यांना सूर्याच्या कडेवरच्या ज्वालांच्या तेजस्वी रेषा दिसल्या. त्या इतक्या ठळक होत्या की या रेषा ग्रहणाविनाही दिसतील असे त्यांना वाटले, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी त्या पाहिल्या. तिकडे इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकयर यांनी स्वतंत्रपणे तीच युक्ती साधली आणि २० ऑक्टोबरला सौरज्वालांच्या रेषा पाहिल्या. त्यांत एक पिवळी रेषा होती. ती सोडियमच्या रेषांजवळ होती, पण त्यांच्याशी जुळत नव्हती. पृथ्वीवरच्या कुठल्याच द्रव्याशी जुळेना. लॉकयर यांनी त्या अनोळखी द्रव्याला हेलियम म्हटले. पृथ्वीवर ते सापडले १८९५ मध्ये, विल्यम रॅम्झी यांना एका युरेनियमयुक्त खनिजात. सत्तावीस वर्षे हेलियमचा एकमेव पुरावा ती एक पिवळी रेषा होती.

विजयदुर्ग किल्ल्यावर पर्यटकांना सांगतात की लॉकयर यांनी १८६८ साली तिथूनच हेलियम शोधला. आपल्या किल्ल्याचे नाव या शोधाशी जोडलेले पाहून आनंद होतो, पण ते खरे नाही. १८६८ च्या ग्रहणाला लॉकयर भारतात नव्हते. विजयदुर्गला ते आले २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी, आणि तिथे त्यांच्या तुकडीने मोठे काम केले. त्याच ग्रहणाला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नेगमवाला आपली उपकरणे घेऊन हजर होते. नेगमवालांनी पुण्यात महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा चालवली. १९१२ मध्ये ती बंद झाली आणि दुर्बिणी कोडाईकॅनॉलला गेल्या. विजयदुर्गच्या फलकावर खरी हकीकत लिहिली तर किल्ल्याचे मोल तसूभरही कमी होणार नाही, आणि नेगमवालांचे नाव महाराष्ट्राला ठाऊक होईल.

रेषा दिसल्या, द्रव्ये ओळखता आली. पण कुठल्या ताऱ्यात काय किती, हे सुटत नव्हते. काही ताऱ्यांत हायड्रोजनच्या रेषा ठळक, काहींत कॅल्शियमच्या, काहींत लोखंडाच्या. मग ते तारे वेगवेगळ्या द्रव्यांचे आहेत काय? १९२० मध्ये कलकत्त्याच्या मेघनाद साहांनी उत्तर दिले. तापमानानुसार अणूंतून इलेक्ट्रॉन सुटतात, आणि किती अणूंतून किती सुटले यावर रेषांचा ठळकपणा ठरतो. साहांचे समीकरण हाती आल्यावर रेषांवरून ताऱ्याचे तापमान आणि मग द्रव्यांचे प्रमाण काढता येऊ लागले. ते काढले सेसिलिया पेन या तरुणीने, हार्वर्डमध्ये, १९२५ च्या आपल्या प्रबंधात. तिचे गणित सांगत होते की तारे मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियमचे आहेत. पृथ्वी आणि सूर्य एकाच प्रकारच्या द्रव्याचे असणार असे त्या काळचे मोठे शास्त्रज्ञ धरून चालत. हेन्री नॉरिस रसेल यांनी तिला हा निष्कर्ष संभवत नाही असे सांगितले, आणि प्रबंधात तिने स्वतःच्या निकालावर शंका नोंदवली. चार वर्षांनी रसेल दुसऱ्या वाटेने त्याच निष्कर्षावर आले आणि तिचे काम त्यांनी मान्य केले. विश्व मुख्यतः कशाचे बनले आहे, या प्रश्नाचे पहिले बरोबर उत्तर पंचवीस वर्षांच्या विद्यार्थिनीने दिले. पाठ्यपुस्तकात हे एका ओळीत येते, नाव न घेता. ही ओळ दुरुस्त व्हायला हवी.

उजेडाच्या कमीजास्तपणावरूनही अंतर निघते, जर वस्तू मुळात किती तेजस्वी आहे हे ठाऊक असेल तर. हेन्रिएटा लेव्हिट यांनी १९१२ मध्ये दाखवले की सेफीड जातीच्या ताऱ्यांची उजळण्या-मंदावण्याची मुदत जितकी लांब तितके त्यांचे खरे तेज जास्त. मुदत मोजली की तेज कळते, तेज कळले की अंतर. एडविन हबल यांना १९२३ मध्ये देवयानी तारकासमूहातल्या धूसर ठिपक्यात असा एक तारा सापडला आणि तो ठिपका आपल्या आकाशगंगेच्या पार बाहेरची दुसरी दीर्घिका आहे हे ठरले. आजच्या मापाने तिचे अंतर सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे आहे. दिवाळीच्या सुमारास, अमावास्येच्या रात्री, गावाबाहेर अंधारात ती नुसत्या डोळ्यांनी दिसते. आणि उजेड म्हणजे डोळ्यांना दिसतो तेवढाच नव्हे. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना उभ्या आहेत. गोविंद स्वरूप यांनी उभारलेली ही दुर्बीण रेडिओलहरी टिपते. हायड्रोजनचा अणू २१ सेंटिमीटर लांबीची रेडिओलहर देतो, आणि दूरच्या दीर्घिकांतला थंड वायू तिच्यातून कळतो. पुण्याहून दोन-अडीच तासांच्या वाटेवर हे आहे.

मला एक मागणे मागायचे आहे, विशेषतः इथे बसलेल्या शिक्षकांकडे. कोल्हापूर आणि धुळे ही शहरे जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत. त्यांच्या अक्षांशांत सुमारे ४.२ अंशांचा फरक आहे आणि त्यांच्यातले सरळ अंतर सुमारे ४६५ किलोमीटर. २२ डिसेंबरला शाळा सुरू असते आणि आकाश बहुधा निरभ्र असते. त्या दिवशी दोन्ही गावांतल्या एकेका शाळेने मैदानात १ मीटरची काठी ओळंब्याने सरळ उभी करावी आणि साडेबाराच्या मागेपुढे दर दोन मिनिटांनी सावली मोजावी. सर्वांत आखूड सावली कोल्हापुरात सुमारे ८४ सेंटिमीटर भरेल, धुळ्यात सुमारे ९८. त्यांवरून मुलांनी सूर्याचे कोन काढावेत, एकमेकांना फोन करून कळवावेत, वजाबाकी करावी. ४.२ अंशांना ४६५ किलोमीटर, तर ३६० अंशांना, म्हणजे पृथ्वीच्या पूर्ण परिघाला, किती? इराटोस्थेनिसने सुमारे बावीसशे वर्षांपूर्वी अलेक्झांड्रियात असाच हिशेब केला होता. मुलांचे उत्तर चाळीस हजार किलोमीटरच्या आसपास येईल. पाच टक्के चुकले तरी ते पुसू नका, चूक कुठून आली ते त्यांनाच शोधू द्या. खर्च एका काठीचा आणि मोजपट्टीचा आहे. दोन्ही शहरांतल्या कोणत्या शाळा हे करायला तयार आहेत, त्यांनी व्याख्यानानंतर आपली नावे संयोजकांकडे नोंदवावीत.